रिकाम्या पट्ट्याची पूजा

आमच्या घरात रिव्हॉल्व्हर यायच्या आधी त्याचा पट्टा आला. रुंद, तपकिरी, पितळी बकलाचा, आणि बाजूला रिव्हॉल्व्हर ठेवायची कातडी पिशवी. परवाना नव्हता, रिव्हॉल्व्हर नव्हतं, कुठलं घ्यायचं तेही ठरलं नव्हतं. पण कातड्याला परवाना लागत नाही, असा शोध आमच्या यजमानांनी लावला होता आणि त्या शोधाचा त्यांना फार अभिमान होता. पुढे त्या पिशवीत ते चष्मा ठेवू लागले.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. हे बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. डॉक्टरांनी छातीसाठी कोरडी हवा सांगितली, तेव्हा यांनी लोणावळा निवडलं, जिथे पावसाळ्याचे चार महिने चपलांनासुद्धा बुरशी येते. वलवणच्या बाजूला एक छोटा बंगला घेतला. शेजारच्या मोठ्या बंगल्यात एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत. दर रविवारी सकाळी ते व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून त्यावर आपलं रिव्हॉल्व्हर सुटं करून बसत, तेल देत, फडक्याने पुसत, परत जोडत. ते त्यांनी एकदा तरी उडवल्याचं माझ्या कानावर नाही. आमचे यजमान कुंपणापाशी उभे राहून तो सोहळा बघत आणि घरी येऊन चहा गार करून पीत. तीन-चार रविवार असे गेले आणि मला कळलं, आता आपल्याही घरात ते येणार.

या माणसाला भिंतीवर पाल दिसली तर तो मला हाक मारी. मी केरसुणी घेऊन पाल हाकलीपर्यंत हे अंगणात उभे. मला त्याचं काही वाटत नसे, कुणाला पालीची भीती असते, कुणाला पाण्याची. पण भित्रेपणा लपवायला लोखंड विकत घ्यायचं, याचा मला संताप येई. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर ते म्हणाले, "तुला जगाचा अनुभव नाही." जगाचा अनुभव म्हणजे पस्तीस वर्षं मोऱ्या आणि पूल मोजणं.

मग पुण्याहून बंदुकांच्या दुकानाचं सूचीपत्र आलं. जेवण झालं की हे ते उघडून बसत. पोथी वाचताना यांना हटकून झोप येई, सूचीपत्र वाचताना येत नसे. रिव्हॉल्व्हरला फिरतं चाक असतं आणि त्यात सहा गोळ्या बसतात, पिस्तुलाच्या गोळ्या मुठीत भरतात, हे सगळं मला भाजी निवडता निवडता ऐकावं लागे. चाक की मूठ, यावर त्यांचे पंधरा दिवस गेले. शेवटी आम्ही दोघं पुण्याला त्या दुकानात गेलो. मला कशाला नेलं? गाडीत डबा उघडून द्यायला.

यांनी बोट दाखवलं ते सगळ्यात मोठ्या रिव्हॉल्व्हरवर. दुकानदार नम्रपणे म्हणाला, "साहेब, हे फौजेचं माप. खासगी माणसाला याचा परवाना मिळत नाही." आमच्यासारख्यांना बत्तीसचं माप चालतं, असं सांगून त्याने एक मध्यम रिव्हॉल्व्हर काढलं आणि यांच्या हातात ठेवलं. यांचं मनगट एकदम खाली गेलं. दुकानदाराने दुसरीकडे बघण्याचा सभ्यपणा दाखवला. मग त्याने अगदी छोटं, तळहाताएवढं पिस्तूल पुढे केलं आणि म्हणाला, "हे मडमा बटव्यात ठेवतात, फार हलकं." हे एवढे दुखावले, की उठलेच. मी मात्र ते बत्तीसचं सहज उचलून बघितलं. माझा हात हलला नाही. "बाईंचा हात स्थिर आहे," दुकानदार म्हणाला. त्या शब्दांनी मी गाडीत कामशेत येईपर्यंत खूश होते, हे आता लिहायला हरकत नाही. माझा हात हा माझा गर्व होता. मुलींच्या शाळेत मला अक्षराचं बक्षीस मिळालं होतं, आणि लग्नानंतर यांचे सगळे सरकारी कागद मीच लिहीत आले.

दुकानदाराने निघताना सांगितलं, की आधी परवाना आणा, मग माल. परतताना यांनी तो पट्टा घेतला.

आमच्याकडे दूध घालायला वलवणच्या वरच्या वाडीतली एक बाई येत असे. तिला मी मावशी म्हणे. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, हाडापेराने मजबूत. तिचा मुलगा मुंबईला गोदीत होता. महिन्या दोन महिन्यांनी ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्याला पत्र सांगे आणि मी लिही. तिला वाचता येत नसे, पण मी लिहीत असताना ती कागदाकडे टक लावून बघे. "तुमचं लिवणं म्हंजी पेरलेल्या वाफ्यावानी दिसतं, बाई," ती म्हणे. असं कौतुक मला शाळेतही कुणी केलं नव्हतं.

मावशीचं आंबेमोहोराचं खाचर रानाच्या अगदी कडेला. वलवणच्या धरणाचं पाणी चढल्यापासून रानडुकरं वर सरकली होती आणि भात पोटरीला आलं, कणीस धरू लागलं की कळपाने उतरत. तिच्या मालकाकडे ठासणीची बंदूक होती, सासऱ्याच्या वेळची, पिकाच्या राखणीच्या परवान्याची. वाडीत अशा तीन बंदुका. एक बार काढला की आठ दिवस डुकरं फिरकत नसत. दर वर्षाअखेरीला ते तिघं बंदुका गोणपाटात गुंडाळून वडगावच्या मामलेदार कचेरीत चालत नेत, दाखवत, परवान्यावर शिक्का मारून घेत आणि चालत परत येत. त्याचा त्यांनी कधी सोहळा केला नाही. "बंदूक हाय म्हनून भात हाय," मावशी म्हणे, आणि दुधाचं मापटं पालथं घालून निघे.

यांचा पहिला अर्ज ज्येष्ठात गेला. कलेक्टरांकडे पाठवलेला अर्ज तिथून वडगावला आला, वडगावहून लोणावळ्याच्या फौजदाराकडे चौकशीला. फौजदार आला, चहा प्याला, दोन लाडू खाल्ले आणि वही काढून त्याने विचारलं, "जीवाला धोका कुणापासून?"

हे छताकडे बघू लागले.

"भाऊबंदकी? जमिनीचा वाद? कुणी धमकी दिली?"

"तसं काही नाही," हे म्हणाले. "पण एकंदरीत."

फौजदाराने वहीत "एकंदरीत" लिहिलं की नाही कोण जाणे. श्रावणात उत्तर आलं, की अर्जदाराने सबळ कारण दाखवलेलं नाही, सबब परवाना नामंजूर. चार दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. छप्पन्न वर्षं वयाच्या माणसाला आपला जीव घ्यायला कुणी टपलेलं नाही याचं दुःख झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

मग डेप्युटीसाहेबांनी कुंपणावरून सल्ला दिला. "अहो ओव्हरसियरसाहेब, माणसाचं नाव नसेल तर मुलखाचं द्या. जंगल जवळ, वस्ती विरळ, लोक कसले, हे लिहा. माझं असंच झालं." ते हसले. यांनीही हसून घेतलं आणि घरात येऊन मला दौत-टाक घ्यायला सांगितलं.

हे सांगत गेले, मी लिहीत गेले. बंगला गावाबाहेर आहे. मागे जंगल आहे. वरच्या वाडीतले लोक बंदुका घेऊन रात्री फिरतात, बार ऐकू येतात.

मी टाक थांबवला. "अहो, त्या बंदुका डुकरांसाठी आहेत. आपल्या दूधवाल्या मावशींच्या."

"मग मी कुठे म्हणतोय माणसांसाठी आहेत? फिरतात की नाही? बार होतात की नाही? यात खोटं काय आहे ते दाखव."

खोटं काहीच नव्हतं. आणि इथे मला यांच्यामागे लपता येणार नाही. यांनी सांगितलेलं वाक्य मला बोजड वाटलं, म्हणून मी ते सुधारलं. "वरील वाडीतील लोक राखणीच्या निमित्ताने रात्री-अपरात्री सशस्त्र संचार करितात." राखणीच्या निमित्ताने, हे शब्द माझे. संचार हाही माझा. वाक्य कानाला छान लागलं, आणि मी ते एकही शाईचा डाग न पाडता उतरवलं. कचेरीत असले अर्ज ढिगाने येतात, कोण वाचतं, असं मी स्वतःला सांगितलं. सरकारी कागदात सगळेच वाढवून लिहितात. मी इतकी वर्षं तेच करत आले होते, पुलाच्या दुरुस्तीपासून रजेच्या कारणापर्यंत.

आश्विनात खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करायची. आमच्याकडे विळी, अडकित्ता आणि कोयता यांची होई. त्या वर्षी यांनी पाटावर मधोमध तो पट्टा मांडला. चष्मा काढून बाजूला ठेवला, रिकाम्या पिशवीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. "पुढच्या वर्षी आत देव असेल," असं म्हणून हे हसले. मी इतक्या तुच्छतेने बघितलं असेन, की त्यांनी आरती गडबडीने उरकली.

तेवढ्यात मागच्या दाराशी मावशी आली. दूध ठेवलं आणि उभीच राहिली.

"बाई, आमच्या मालकाची बंदूक न्हेली."

"कुणी नेली?"

"सरकारनं. तिन्ही न्हेल्या. काल पोलिस आलता, संगं पाटील. म्हनला, तुमी लोक राती बंदुका घिऊन हिंडता, कुनीतरी वर लिवलंय. चवकशी हुस्तोवर वडगावला जमा. आज पूजंला कायबी न्हाई घरात, निसता विळा पुजला." मग आवाज बारीक करून म्हणाली, "कुनी लिवलं असंल वो? आमी कुनाचं काय वाईट केलं?"

पाटावरचा झेंडू माळलेला पट्टा तिला दारातून दिसत होता. तिने त्याला हात जोडले.

भात भरात होतं. तिला बंदूक पंधरा दिवसांत परत मिळाली नाही तर खाचरात काही राहणार नाही, हे तिने सांगायची गरज नव्हती. मी आत जाऊन यांना म्हटलं, "अर्ज मागे घ्या. आजच्या आज."

"मागे घेतला म्हणजे आपण खोटं लिहिलं असं होतं. पेन्शनर माणूस मी. उद्या फौजदार तेच विचारील." मग जरा थांबून म्हणाले, "आणि अक्षर तुझं आहे."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. एवढा भित्रा माणूस, पण मला नेमकं कशाने गप्प करता येईल ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

दोन दिवसांनी मावशी कोरा कागद घेऊन आली. बंदूक सोडवायला वडगावला अर्ज द्यायचा होता. "तुमच्यावानी कोन लिवतंय हितं?" म्हणून उंबऱ्याशी बसली. मी कागद घेतला, टाक शाईत बुडवला, आणि तेव्हा लक्षात आलं. हा अर्ज त्याच कचेरीत, त्याच टेबलावर जाणार. दोन्ही कागद एका फाइलीत लागणार. एकात ते लोक राखणीच्या निमित्ताने फिरतात आणि दुसऱ्यात ते गरीब राखणदार आहेत, आणि दोन्हीचं वळण एकच. कुणीही ओळखलं असतं.

मी अक्षर बिघडवलं. मुद्दाम. टाक तिरका धरला, वेलांट्या मोडल्या, ओळी खाली घसरू दिल्या, मजकूर कसातरी संपवला. आयुष्यात तसा कागद मी कधी लिहिला नव्हता.

मावशी बघत होती. म्हणाली, "बाई, आज लिवणं असं का वाकडं? हात दुकतोय व्हय?"

मी म्हणाले, "हो. मुरगळलाय."

तिने माझ्या हाताकडे बघितलं. कागद घडी करून चोळीत खोचला आणि गेली. दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर तिने निरगुडीचा पाला आणि वाटीभर करंजाचं तेल आणलं. माझ्याच चुलीवर पाला गरम केला, माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि मनगटापासून बोटांपर्यंत चोळत बसली. तिच्या अंगठ्याला कातळासारखे घट्टे होते. "सरकारी कागद लिवायचा म्हंजी हाताला तान पडतो," ती म्हणाली. तेव्हा सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी डोळे मिटून बसले आणि तिने आठ दिवस रोज हात चोळला.

दिवाळीनंतर तिचा अर्ज परत आला. वर कारकुनाने लाल शाईने शेरा मारला होता, की मजकूर वाचता येत नाही, स्वच्छ अक्षरात लिहून आणावा. म्हणजे कुणी कुणाचं वळण ताडून बघितलं नव्हतं. माझ्या भीतीला कचेरीत कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं.

मी दुसरा अर्ज लिहिला, माझ्या खऱ्या अक्षरात. मावशी खूश झाली. "आला बगा हाताला गुन!" पण तोवर तिच्या खाचरात डुकरांनी चार वेळा फेरी केली होती. नवराबायको थाळ्या बडवत बांधावर बसत, डुकरांना थाळ्यांची सवय झाली. मार्गशीर्षात, पेंढाही उचलून झाल्यावर, तिन्ही बंदुका परत मिळाल्या.

त्याच आठवड्यात यांच्या दुसऱ्या अर्जाचं उत्तर आलं. वरच्या वाडीतील हत्यारं जमा करून चौकशी केली, भयाचं कारण आढळलं नाही, सबब परवान्याची जरुरी दिसत नाही. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "बघ, म्हणजे निदान दखल घेतली." पट्टा खुंटीला गेला. नंतर डेप्युटीसाहेबांकडे चहाला जाताना ते तो धोतरावर घालून जात, आत चष्मा ठेवून. मी यावर पुष्कळ हसले, माहेरी जाऊन भावजयांनाही हसवलं. वाडीचं मात्र कधी सांगितलं नाही.

मावशी पौषात एके सकाळी आली ती पदरात काहीतरी बांधून. सोडलं तर नव्या आंबेमोहोराचे तांदूळ, दोन वाट्या असतील नसतील. पहिलं भात कामाला आलेल्या माणसाला द्यायची त्यांची रीत.

"यंदा येवढंच ऱ्हायलं बगा," ती म्हणाली. "तुमी हात दुकत आसताना दोनदा लिवलं. तुमचं आदी."

मी नको म्हणाले. ती ऐकेना. मी दोन्ही हातांनी घेतले. त्या दिवशी दुपारी भात शिजत होता तेव्हा घरभर वास सुटला, आणि हे व्हरांड्यातून उठून आत आले, विचारायला की आज काय विशेष.

त्यांनी दोनदा भात मागून घेतला. मीही जेवले.